लॅपटॉपची रॅम वाढवताना: आधी रेकी, मग खरेदी

बेळगावहून बोलतोय. ऐकणाऱ्यांत कोणी इंदूरला असेल, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला, कोणी दिल्लीत नोकरीला. पण एक वस्तू बहुतेक सगळ्यांच्या घरी सापडेल. पाच-सहा वर्षांचा लॅपटॉप. बटण दाबावं, चहा टाकावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तरी याचं वर्तुळ आपलं फिरतंच आहे. आज त्याच्याबद्दल बोलू.

आधीच सांगून टाकतो, मी कॉम्प्युटरचा इंजिनियर नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि पुढची सगळी नोकरी पायदळात, मराठा लाइट इन्फन्ट्रीत. आमच्या काळात मेमरी म्हणजे कंपनीतल्या शंभर-सव्वाशे जवानांची नावं, गावं आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे तोंडपाठ असणं. लॅपटॉपमधली मेमरी मी साठीनंतर शिकलो, आणि ती स्वतःचे पैसे घालवून शिकलो. त्यामुळे शब्द सोपे असतील. चुकाही सांगेन, त्या माझ्याच आहेत.

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. शुक्रवारी संध्याकाळी एका वहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान माझ्या कंपनीत हवालदार होते. २०१९ मध्ये रिटायर झाले, जाता जाता कॅन्टीनमधून मुलीसाठी एक लॅपटॉप घेतला. दोन वर्षांत आजारपणात गेले. मुलगी आता बीसीएला. त्याच लॅपटॉपवर तिचं सगळं शिक्षण चालू. सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट चालवून दाखवायचं होतं आणि मशीन जागचं हलेना. दुकानात नेलं तर तिथल्या माणसाने न उघडताच सांगितलं की जुनं झालंय, आता यात काही राम नाही, नवीन घ्या, चाळीस हजारांच्या पुढे जाईल.

वहिनी म्हणाल्या, "साहेब, यांनी घेतलेलं आहे ते. पोरगी टाकू देत नाही. पण तिचं शिक्षण अडत असेल तर टाकू. तुम्ही एकदा बघा आणि काय ते सांगा."

आता पेन्शनवर चालणारं घर. चाळीस हजार म्हणजे कुठून तरी उचल घ्यायची. मी म्हटलं, "वहिनी, उद्या सकाळी दोघी इकडे या. तोपर्यंत काही विकत घेऊ नका आणि काही टाकू नका."

हे मी एवढ्या ठामपणे का म्हणालो, तर तीन वर्षांपूर्वी मी स्वतः घरात घातलेला गोंधळ आठवला म्हणून. तो आधी सांगतो.

लॉकडाऊनच्या दिवसांत आमच्या मंडळींचा लॅपटॉप असाच रखडायला लागला. कोणीतरी म्हणालं, रॅम वाढवा, पळायला लागेल. मी लगेच ऑनलाइन ८ जीबीची पट्टी मागवली. आली ती डीडीआर४. मशीन होतं डीडीआर३ चं. खाचेतच बसेना. बरं झालं, जोर लावला नाही. मग दुसरी मागवली, डीडीआर३. ही अगदी छान बसली, पण स्क्रीन काळा. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की त्या मशीनला हवी होती डीडीआर३एल. तो शेवटचा 'एल' म्हणजे कमी व्होल्टेजची. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. एका अक्षरापायी पट्टी वाया. पाकीट फोडलेलं म्हणून दुकानदार परत घेईना. तिसरी आणली ती बसली, चालली, मेमरी ८ जीबी दिसायलाही लागली. आणि मंडळी, लॅपटॉप होता तसाच रखडत राहिला! कारण दुखणं रॅमचं नव्हतंच. आतली हार्ड डिस्क मरायला टेकली होती. ती काढून एसएसडी घातली आणि मशीन सुरळीत झालं. तीन पट्ट्यांचे पैसे गेले ते गेलेच. घरात अजून कधीमधी विषय निघतो.

आमच्याकडे तरुण लेफ्टनंटला पहिली गोष्ट शिकवतात ती रेकी. हल्ला नंतर, आधी जाऊन जमीन बघून ये. आयुष्यभर पोरांना हे सांगत आलो आणि स्वतः मात्र नकाशाही न उघडता चाल करून गेलो होतो.

तर शनिवारी सकाळी मायलेकी आल्या. मुलगी म्हणाली, "काका, मेमरी भरलीय असं सगळे म्हणतात. मी फोटो उडवले, तरी तसंच."

इथे जरा थांबू या, कारण हा घोटाळा घरोघरी आहे. फोटो जिथे राहतात ती जागा वेगळी आणि रॅम वेगळी. पलटणीचा लंगर डोळ्यांपुढे आणा. मागे रेशन स्टोअर असतं, पोती भरलेली. ती तुमची हार्ड डिस्क. पुढे ओटा असतो, जिथे कांदा चिरला जातो, कणीक मळली जाते. ती रॅम. स्टोअरमधली दोन पोती कमी केली म्हणून ओटा मोठा होत नाही. आणि ओटा एवढासा असेल, तर लांगरी काय करील? कणकेची परात उचलून स्टोअरमध्ये ठेवील, भाजीचं पातेलं आणील. पुन्हा कणीक लागली की पातेलं आत, परात बाहेर. दिवसभर धावतोय बिचारा आणि जेवण काही तयार होत नाही. रॅम कमी पडली की विंडोज नेमकं हेच करतं. ओट्यावर मावत नाही ते डिस्कवर नेऊन ठेवतं, लागलं की परत आणतं. डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणाऱ्या तबकडीची असेल, तर ही ये-जा फार महागात पडते.

रॅमचा आणखी एक स्वभाव मला ऐकूनच गंमत वाटली होती. तिच्यातला प्रत्येक कण म्हणजे विजेचं एक इवलंसं भांडं, आणि ते गळकं. त्यामुळे प्रत्येक भांडं साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा पुन्हा भरावं लागतं, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. म्हणून वीज गेली की ओटा साफ. सेव्ह न केलेलं काम जातं ते यामुळे.

आता रेकी. ही तुम्ही कोणीही घरबसल्या करू शकता, एक पैसा लागत नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात जाऊन मेमरीवर टिचकी मारा. बघण्यासारखे आकडे थोडेच आहेत.

मी मुलीला म्हटलं, रोज काम करतेस तसं सगळं उघड. तिने ब्राउझर उघडला, आठ-दहा टॅब, कोड लिहायचं सॉफ्टवेअर, एक पीडीएफ. मेमरी एकूण ४ जीबी, वापर ९४ टक्के. शेजारी डिस्कचा आकडा १०० टक्के. दुकानदाराने हे बघितलं असतं तर कदाचित म्हणाला असता की डिस्क खराब आहे. पण १०० टक्के डिस्क ही कधी दुखणं असते, तर कधी नुसतं लक्षण. लांगरी धावतोय तो पाय दुखतात म्हणून हळू आहे की ओटा लहान म्हणून फेऱ्या मारतोय, हे वेगळं काढायला हवं. मग आम्ही सगळं बंद केलं आणि दहा मिनिटं हात लावला नाही. मेमरी साठ टक्क्यांवर आली, डिस्क शांत झाली, चार-पाच टक्के. पुन्हा सगळं उघडलं, मेमरी नव्वदच्या वर गेली आणि त्याच क्षणी डिस्क शंभरावर. म्हणजे निदान झालं. फेऱ्या ओट्यामुळे होत्या. आमच्या मंडळींच्या मशीनमध्ये हे उलट होतं. निम्मी मेमरी रिकामी पडलेली आणि डिस्क तरीही शंभरावर. तेव्हा हा खेळ दहा मिनिटं केला असता, तर तीन पट्ट्या वाचल्या असत्या.

त्याच पानावर आणखी एक आकडा असतो, त्याकडे फार कोणी बघत नाही. 'कमिटेड' असं लिहिलेलं असतं आणि पुढे दोन संख्या. त्यातली पहिली म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांना मशीनने एकूण किती मेमरी देण्याचा शब्द दिलाय. मुलीच्या मशीनवर तो आकडा होता पावणेसातच्या आसपास. घरात चार जीबी आणि शब्द दिलेत पावणेसातचे! किती रॅम घ्यावी याचा माझ्या मते हा सगळ्यात प्रामाणिक अंदाज. काम पूर्ण भरात असताना तो आकडा बघा, त्याच्या थोडं वर जाईल एवढी रॅम घ्या. तिला ८ जीबी म्हणजे काठोकाठ झाली असती, १२ म्हणजे ऐसपैस. १६ घेऊन तिला काहीही जास्त मिळालं नसतं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांचं, मोठी सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांचं गणित वेगळं. मी घरातल्या, शिकणाऱ्या पोरांच्या मशीनबद्दल बोलतोय.

निदान झालं म्हणून लगेच दुकानात पळायचं नाही. अजून अर्धी रेकी बाकी आहे, कारण रॅम हवी असणं आणि ती घालता येणं या दोन निराळ्या गोष्टी. अलीकडच्या पातळ लॅपटॉपपैकी पुष्कळांत रॅम मदरबोर्डवर कायमची जडवलेली असते. जागाच नसते. मॅकबुकची तर कित्येक वर्षं हीच रीत आहे. अशा मशीनचं पुढे काही करता येत नाही, म्हणून नवीन घेतानाच जरा जास्त रॅमचं घ्यावं लागतं.

टास्क मॅनेजर सांगतो की स्लॉट किती आणि भरलेले किती. मुलीच्या मशीनवर दिसत होतं, दोनपैकी एक. पण या ओळीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तिथला स्लॉट खरा असतोच असं नाही, जडवलेली मेमरीसुद्धा कधीकधी स्लॉट म्हणून मोजली जाते. आम्ही मॉडेलचा पूर्ण नंबर, जो खालच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, तो घालून कंपनीच्या वेबसाइटवरचं मॅन्युअल काढलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की ४ जीबी बोर्डावर जडवलेली आणि एक स्लॉट मोकळा. म्हणजे आहे ती पट्टी काढून मोठी घालायची हा मार्गच बंद. फक्त भर घालता येणार. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त किती रॅम चालते तेही असतं. त्याच्यावर उडी मारू नये. मशीन फारच जुनं असेल आणि विंडोज ३२ बिटवालं असेल, तर आणखी एक मेख आहे. ते ४ जीबीच्या वरचं बघतच नाही. रॅम कितीही घाला, वरची दिसणार नाही.

आता पट्टी कोणती, ते. पिढी जुळलीच पाहिजे, यात तडजोड नाही. डीडीआर३, ४, ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तशा मुद्दामच केल्यात, माझ्यासारख्यांसाठी. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तिला एसओ-डिम म्हणतात. डेस्कटॉपची लांबलचक असते. ऑनलाइन घेताना स्वस्त दिसली म्हणून डेस्कटॉपची मागवणारे लोक मला भेटलेत. जुनी पट्टी हाताशी असेल तर तिच्या चिठ्ठीवर सगळी कुंडली असते. पीसी४ लिहिलं असेल तर डीडीआर४. पीसी३एल म्हणजे ती माझी एलवाली.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. मुलीची रॅम २४०० वर चालत होती. बाजारात तेव्हा २६६६ आणि ३२०० वाल्या जास्त मिळत. वेगवान पट्टी हळू मशीनमध्ये साधारणपणे हळू होऊन चालते. रूट मार्चमध्ये सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पावलाने सगळी तुकडी चालते ना, तसंच. उलट जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजले तर ते वाया. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या असल्या की दोन्ही रस्त्यांनी वाहतूक होते आणि थोडा फायदा होतो हे खरं. पण ४ आणि ८ अशी विजोड जोडीसुद्धा चालते, आणि ज्याच्याकडे चारच आहे त्याला त्या आठचा फायदा वेगाच्या फायद्यापेक्षा कितीतरी जास्त.

दुपारी मी आणि मुलगी बाजारात गेलो. पहिल्या दुकानात १६ ची घ्या म्हणून आग्रह. दुसऱ्या दुकानातल्या तरुण पोराने मॉडेल नंबर विचारला, मॅन्युअलचा फोटो बघितला आणि म्हणाला, "आठचीच घ्या. नाही चालली तर उद्या आणून द्या, पण पाकीट नीट ठेवा." अशा माणसाकडूनच घ्यावं. तीन वर्षांची वॉरंटी, पक्कं बिल, साधारण अठराशे रुपये. हा भाव त्या वेळचा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओरबाडायला सुरुवात केली आणि भाव भडकले, तेव्हा आज घ्यायला जाल तर हा आकडा सांगून दुकानदाराशी भांडू नका. भाव चढे असताना काही जण जुनी वापरलेली पट्टी घेतात. ओळखीच्या माणसाकडून, समोर चालवून बघून घेतली तर माझी हरकत नाही.

आता प्रत्यक्ष बसवणं. तुमच्या मशीनची वॉरंटी चालू असेल, तर उघडण्याआधी वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. आणि लॅपटॉपची खालची बाजू किंवा टचपॅड फुगल्यासारखं दिसत असेल, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. बॅटरी फुगलेली असू शकते. ती टोचली तर पेट घेते. ते काम जाणकाराचं, आपलं नाही.

दुसरी भीती अंगातल्या विजेची. हिची ओळख मला लडाखमध्ये झाली. तिथली हवा एवढी कोरडी की रात्री बंकरमध्ये स्वेटर डोक्यावरून काढला की अंधारात ठिणग्या उडताना दिसायच्या. दोस्ताशी हात मिळवला की चटका. आपल्याला तो चटका जाणवतो तेव्हा काही हजार व्होल्ट झालेले असतात, आणि चिपचं नुकसान व्हायला त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी पुरतात. म्हणजे तुम्हाला कळणारही नाही आणि पट्टी गेलेली असेल. कोकणात, पावसाळ्यात ही भीती कमी. पण दिल्ली, इंदूर, नागपूरच्या हिवाळ्यात जपा. लोकरी कपडे नकोत, सतरंजीवर बसून नको, लाकडी टेबल बरं. काम सुरू करण्याआधी आणि मधूनमधून एखाद्या मोठ्या लोखंडी वस्तूला, कपाटाला वगैरे, उघडा हात लावा. पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

मी मुलीलाच म्हटलं, तू उघड. वडिलांनी घेतलेलं मशीन, हात तिचाच लागू दे. शिवाय तिची नजर माझ्यापेक्षा बरी. लॅपटॉप शटडाउन केला, नुसता झाकण लावून झोपवला नाही. चार्जर काढला. पालथा घातला. स्क्रू काढताना आम्ही एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचला. ही युक्ती सोडू नका, कारण स्क्रू दिसायला सारखे पण काही लांब, काही आखूड असतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर आतल्या बोर्डात घुसतो. दोन स्क्रू रबरी पायाखाली लपलेले होते, ते मॅन्युअलमुळे सापडले. मग जुन्या सिमकार्डच्या प्लास्टिकने कडेकडेने खालचं झाकण सोडवलं. कट् कट् आवाज येतो. वहिनी स्वयंपाकघरातून दोनदा येऊन बघून गेल्या.

आत पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. तारांना धरून ओढायची नाही, डोक्याला धरून हळूच सरकवायची. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की उरलीसुरली वीज निघून जाते. मोकळा स्लॉट समोर दिसला. पट्टीची खाच स्लॉटच्या खुंटीशी जुळवायची, तिरकी, साधारण तीस अंशांत आत सरकवायची आणि मग वरून खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी तिला धरलं पाहिजे.

मुलीने बसवली, बॅटरी जोडली, झाकण लावलं, सगळे स्क्रू पुठ्ठ्यावरून जागेवर गेले. बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. स्क्रीन काळा.

एक मिनिट थांबलो. नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा काही मशीन जरा जास्त वेळ घेतात, तिची ओळख करून घेतात. दोन मिनिटं झाली. काळाच. मुलीचा चेहरा बघवेना. ती काही बोलली नाही, नुसती आईकडे बघत राहिली. वहिनी म्हणाल्या, "असू दे गं, जुनंच होतं ते." मंडळी, मी गोळीबारात उभा राहिलोय, पण त्या वाक्याने माझ्या पोटात जो गोळा आला तो वेगळाच. सोमवारी प्रोजेक्ट, आणि मी त्यांना म्हणालो होतो, टाकू नका.

पण एक गोष्ट खात्रीने ठाऊक होती. जुनी ४ जीबी बोर्डावर जडवलेली आहे, तिला आपण हात लावलेला नाही. म्हणजे नवी पट्टी काढली की मशीन पूर्वीसारखं उठलं पाहिजे. पुन्हा सगळं उघडलं, बॅटरी सोडवली. चष्मा बदलून, टॉर्च लावून बघितलं. पट्टीच्या डाव्या बाजूचा चिमटा लागला होता, उजवा लागलाच नव्हता. आणि सोनेरी दातांची एक रेघ स्लॉटच्या बाहेर दिसत होती. मुलगी घाबरून हलक्या हाताने सरकवत होती, मोडेल म्हणून. आणि मीच मागून म्हणत होतो, जपून, जपून. पट्टी काढली, पुन्हा तिरकी धरून शेवटपर्यंत ढकलली. याला जेवढा जोर लागतो तो पहिल्यांदा जास्त वाटतो, पण लागतो. दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मग खाली दाबल्यावर दोन्हीकडून एकदम 'टक्' असा आवाज आला. आधी तो आलाच नव्हता आणि आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

या वेळी झाकण न लावताच, मशीन कडेवर उभं धरून, आतल्या कशालाही हात न लावता चालू केलं. कंपनीचं चिन्ह आलं. मग विंडोज. टास्क मॅनेजर उघडला, मेमरी १२ जीबी. मुलगी ओरडलीच. त्यानंतर बंद करून, चार्जर काढून, निवांत झाकण लावलं.

लगेच निरोप दिला नाही. विंडोजमध्येच मेमरी तपासायचं एक साधन असतं, शोधायच्या चौकटीत विंडोज मेमरी डायग्नोस्टिक असं लिहिलं की सापडतं. ते मशीन पुन्हा चालू करून सगळी मेमरी तपासतं. चहा झाला, पोहे झाले, तेव्हा निकाल आला की दोष नाही. हे जरूर करा. सदोष पट्टी लगेच मरत नाही, आठवड्याने मधूनच निळा स्क्रीन दाखवते, आणि तोवर पाकीट आणि बिल दोन्ही हरवलेलं असतं.

मग तिने सगळं पुन्हा उघडलं. तेच टॅब, तेच सॉफ्टवेअर, तीच पीडीएफ. मेमरी ५५ टक्के, डिस्क सात-आठवर. प्रोजेक्ट चाललं. मात्र लॅपटॉप सुरू व्हायला लागणारा वेळ फारसा कमी झाला नाही, हेही सांगायला हवं. चालू होताना सगळं त्या फिरत्या डिस्कवरूनच यायचं ना. त्याला औषध एसएसडीचंच. मी मुलीला तसं सांगितलं आणि म्हटलं, घाई नाही, सोमवार तर निघतोय.

पुढे जूनमध्ये तिने स्वतःच्या पैशांनी, शेजारच्या दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन, २५६ जीबीची एसएसडी आणली आणि माझ्याकडे न येता घरीच बसवली. मला फक्त पुठ्ठ्याचा फोटो पाठवला, स्क्रू टोचलेला. प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ च्या अटीतही मशीन बसलं, त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार बंद झाला तेव्हा तिला त्रास झाला नाही.

माझ्या कपाटात मात्र ती डीडीआर४ ची पहिली पट्टी अजून आहे, आणि दीड व्होल्टची दुसरीही. पाकिटासकट. कोणाच्या मशीनला जुळत असेल तर रेकी करून कळवा, अगदी फुकट पाठवतो. आमच्या मंडळी पोस्टाचा खर्चही द्यायला तयार आहेत.